पक्षाघातानंतर दमसासाचा व्यायाम : कशाला किती पैसे मोजावे?

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की आठवड्याभरात घरात काही आकडे घोळू लागतात. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे रोजचे सहा-सातशे. ब्युरोतून ठेवलेल्या मावशींचे महिन्याचे वीस-बावीस हजार. कुणी नातेवाइकाने सुचवलेल्या मशीनचे पंधरा, नाहीतर तीस हजार. आणखी एक आकडा मात्र सहसा कुणी विचारत नाही : एवढ्या पैशांत पेशंटला दिवसातून किती मिनिटं धाप लागते?

पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात ज्याला एरोबिक व्यायाम म्हणतात, त्याचा भाव या मिनिटांतच काढता येतो. म्हणजे नाडी वाढेल, श्वास जोरात चालेल आणि ते सलग काही मिनिटं टिकेल अशी हालचाल. चालणं, पायडल मारणं, पायरी चढ-उतर, बसल्या बसल्या जोराने हातपाय हलवणं, काहीही चालतं. कॅनडात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पक्षाघाताच्या पेशंटना फिजिओथेरपी चालू असताना नाडी मोजणारं यंत्र लावून ठेवलं होतं. हृदयाला व्यायाम घडेल इतकी नाडी एका सेशनमध्ये सरासरी तीन मिनिटांहूनही कमी वेळ वर राहिली. उपचार करणारे प्रशिक्षित होते, पुनर्वसनाची सोय चांगली होती, तरीही. आपल्याकडे बरीच सेशन्स शेक, करंट आणि हातपाय वाकवून-सरळ करून देण्यात संपतात. तिथे त्या तीन मिनिटांचीही खात्री नाही.

हिशेब करून पाहा. ६०० रुपयांच्या सेशनमध्ये पेशंट तीन मिनिटं दमला, तर दमणुकीचं एक मिनिट २०० रुपयांना पडलं. त्याच सेशनमध्ये वीस मिनिटं दमवलं, तर ३० रुपयांना. २,००० रुपयांची पायडलची छोटी सायकल आठवड्यातून चार दिवस वीस-वीस मिनिटं सहा महिने चालवली, तर मिनिट एका रुपयाच्याही आत येतं.

याचा अर्थ फिजिओथेरपिस्टला रजा द्या असा नाही. त्याच्या वेळेचे पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, एवढाच प्रश्न आहे.

यातून काय मिळतं, काय नाही

झटका आल्यावर माणूस कित्येक दिवस अंथरुणाला खिळतो आणि दमसास झपाट्याने उतरतो. त्यात एक पाय फरफटत चालायला निरोगी चालीपेक्षा बरीच जास्त ताकद लागते, कधी दुपटीच्या आसपास. पगार कापला गेला आणि त्याच महिन्यात घरभाडं वाढलं, तशी ही शरीराची अवस्था. पक्षाघात झालेल्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत बरीच कमी, काहींमध्ये तर पाव हिश्श्यापर्यंत खाली गेल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. न्हाणीघरातून दिवाणखान्यात येईपर्यंत बाबांचा जीव का दमतो, याचं उत्तर बरेचदा लुळ्या पायात कमी आणि उतरलेल्या दमसासात जास्त असतं.

कॉक्रेन या संस्थेने २०२० साली या विषयावरच्या ७५ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत तीन हजारांहून जास्त पेशंट होते. दमसासाच्या व्यायामाने चालण्याचा वेग वाढतो, तोल सुधारतो, न थकता जास्त अंतर जाता येतं, हे त्यातून पुढे आलं. पण त्यातले बहुतेक पेशंट आधीपासून चालू शकणारे होते, हे विसरून चालणार नाही. मूठ उघडेल का, बोलणं सुटेल का, असं विचाराल तर त्याचं उत्तर हा व्यायाम नाही. हातासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट लागतात. दमसासाच्या बाबतीत वाचलेला पैसा तिकडे वळवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घाईबद्दल. ‘पहिले तीन महिने गोल्डन पिरियड, आत्ता पैसे लावले नाहीत तर संधी गेली’ हे वाक्य पॅकेज विकताना हमखास ऐकू येतं. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरं आहे. दमसासाचं गणित मात्र वेगळं. झटक्याला वर्ष, दोन वर्षं उलटून गेलेल्या पेशंटमध्येही तो वाढतो, आणि पुष्कळशा चाचण्या तर अशाच पेशंटवर झाल्या आहेत. उलट फार लवकर जोर लावल्याने हानी झाल्याचे पुरावे आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲव्हर्ट’ या मोठ्या चाचणीत पाच देशांतले २,१०४ पेशंट होते. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत पेशंटला वारंवार उठवून चालवण्याचा सपाटा लावला, तर तीन महिन्यांनी त्यांची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा वाईटच निघाली. जर्मनीत २०० पेशंटवर झालेली आणि २०१९ साली छापून आलेली चाचणीही बघण्यासारखी आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात पेशंटना आधाराने ट्रेडमिलवर चालवलं. विश्रांतीची तंत्रं शिकवलेल्या गटापेक्षा ते जास्त सुधारले नाहीत, आणि गंभीर त्रास त्यांच्यात जास्त झाले. तेव्हा पहिल्याच महिन्यात ट्रेडमिलच्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरण्याची काही गरज नाही.

व्यायामाचं माप

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनने २०१४ साली दिलेलं माप आजही वापरात आहे. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दर वेळी वीस ते साठ मिनिटं. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. जोर किती, तर नाडीच्या राखीव क्षमतेच्या ४० ते ७० टक्के. हे ‘राखीव’ प्रकरण सोपं आहे. २२० मधून वय वजा करा, म्हणजे कमाल नाडी आली. त्यातून विश्रांतीतली नाडी वजा केली की उरते ती राखीव. साठ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी १६०. विश्रांतीत ८० असेल तर राखीव ८०. तिचे ४० टक्के म्हणजे ३२, ते ८० मध्ये मिळवले की ११२ ही खालची हद्द. वरची १३६. सुरुवात खालच्या हद्दीपासूनच करायची.

पण गोळ्यांचा डबा एकदा पाहा. ज्या गोळ्यांच्या औषधी नावाचा शेवट ‘लॉल’ असा होतो, मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल वगैरे, त्या नाडीला वर जाऊ देत नाहीत. नाडी अनियमित असण्याचा आजार असेल तरीही हे गणित चुकतं. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये हे दोन्ही नेहमी आढळतं. अशा वेळी फुकटची चाचणी वापरावी. व्यायाम करताना पेशंटला छोटं वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, पण भजन म्हणता येता कामा नये. बोलणंच गेलेल्या पेशंटला शून्य ते दहा आकड्यांची पट्टी दाखवून ‘किती दमलात?’ असं बोटाने विचारता येतं. चार ते सहाच्या दरम्यान बोट पडलं तर ठीक.

आधी लागणाऱ्या तपासण्या

यात काही ठिकाणी पैसे वाचतात. हृदयाची टू-डी इको तपासणी खासगीत साधारण १,५०० ते ३,००० रुपयांना होते. पण पक्षाघातासाठी भरती असताना ती बहुतेकदा झालेलीच असते. फाईल काढून बघा आणि तीच डॉक्टरांना दाखवा. ईसीजी दोन-चारशे रुपयांत होतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट दीड ते तीन हजारांची आहे. ती झाली तर उत्तमच, पण एक बाजू कमजोर असलेल्या पेशंटला ती पुरी करणंच कठीण जातं. हृदयविकाराचा इतिहास नसेल आणि हलक्या जोरापासून सुरुवात करणार असाल, तर पुष्कळदा डॉक्टर सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीवर भागवतात. तिला सरळ व्हरांडा, टेप आणि घड्याळ पुरतं. सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालला, एवढंच लिहून ठेवायचं.

घरच्या घरी करण्याजोगी दुसरी मोजणी दहा मीटर चालण्याची. खडूने दोन रेघा ओढा, दोन्ही टोकांना पावलं टाकायला थोडी जागा सोडा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. २५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पेशंट घरातल्या घरातच फिरण्याच्या पायरीवर आहे. साडेबारा सेकंदांच्या आत आला, तर रस्त्यावर, बाजारात एकट्याने वावरण्याइतका वेग आला असं साधारणपणे मानतात. ही मोजणी महिन्यातून एकदा वहीत लिहा. थेरपीचे पैसे वसूल होताहेत की नाही, याचा याहून स्वस्त पुरावा मला तरी ठाऊक नाही.

माणसाचे पैसे

खालचे दर ठोकळ आहेत. मुंबई-पुण्यात वरच्या टोकाला, तालुक्याच्या गावी खालच्या टोकाला. आपल्या भागात दोन ठिकाणी फोन करून खात्री करावीच. दवाखान्यात जाऊन घेतलेलं सेशन २०० ते ६०० रुपये. घरी बोलावलं तर ४०० ते १,०००. यंत्रमानवाच्या आधाराने चालवणारी किंवा छताला टांगलेल्या पट्ट्यांच्या आधाराने ट्रेडमिलवर चालवणारी केंद्रं मोठ्या शहरांतच आहेत. तिथे एका सेशनला दीड हजारांपासून पुढे मोजावे लागतात. राहून उपचार देणाऱ्या पुनर्वसन केंद्रात दिवसाचे तीन ते आठ हजार सहज जातात.

फिजिओ नेमण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने स्थापन झालेली ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे. या राज्यात व्यवसाय करणाऱ्याची तिथे नोंद असायला हवी. नंबर विचारला म्हणून चांगला माणूस रागावत नाही. मालिश करून देणारे, ‘लकव्यावर हमखास इलाज’ म्हणणारे, कबुतराच्या रक्ताची आंघोळ सांगणारे यांच्याकडे नंबर नसतो, आणि त्यांचा एकूण खर्च फिजिओपेक्षा कमी नसतो.

दुसरा प्रश्न : सेशनच्या आधी आणि मध्ये तुम्ही रक्तदाब आणि नाडी मोजता का? तिसरा : चाळीस मिनिटांत पेशंट स्वतः किती मिनिटं हलतो? यावर ‘आधी ताकद येऊ दे’ असं उत्तर मिळालं, तर ते एखाद-दोन आठवड्यांपुरतं खरं असेल. दोन महिन्यांनीही तेच ऐकायला मिळालं, तर दुसरा माणूस शोधावा.

आता खर्चाचं गणित. पेशंट काठीच्या किंवा कुणाच्या आधाराने दहा-वीस पावलं टाकतो आहे असं धरू. शहरात घरी येणारा फिजिओ महिन्याला २६ दिवस, ७०० रुपयांप्रमाणे : महिन्याचे १८,२००, तीन महिन्यांचे ५४,६००. दुसरी पद्धत अशी. पहिले दोन आठवडे दिवसाआड, म्हणजे सहा भेटी. त्यात फिजिओने व्यायाम आखून द्यायचा, नाडीची हद्द लिहून द्यायची आणि घरातल्या एका ठरावीक माणसाला धरायचं कसं, थांबवायचं कधी, हे शिकवायचं. पुढचे दहा आठवडे आठवड्यातून एकदा येऊन वही तपासायची आणि मात्रा वाढवायची. एकूण सोळा भेटी, ११,२०० रुपये. घरच्या वस्तूंचे साडेपाच हजार आणि तपासण्यांचे साडेतीन हजार धरले, तरी तीन महिन्यांचे २०,२०० होतात.

तरीही तो आठवड्याचा एक दिवस वगळू नका. भारतातल्याच चौदा रुग्णालयांत १,२५० पेशंटवर ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. घरच्यांना पुनर्वसनाचं शिक्षण देऊन ते काम त्यांच्यावर सोपवलं, तर सहा महिन्यांनी पेशंटचं परावलंबन कमी होतं का, हे पाहायचं होतं. फरक पडला नाही. घरच्यांची माया कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की जाणकाराची नजर अधूनमधून लागतेच.

आणि जो पेशंट अजून बसताना कलंडतो, ज्याला उभं करायला दोन माणसं लागतात, त्याच्यासाठी हे दुसरं गणित नाहीच. त्याला सुरुवातीला फिजिओ रोज हवा. त्यात काटकसर करू नये.

वस्तू : काय घ्यावं, काय घेऊ नये

सगळ्यात आधी दंडाला बांधायचा रक्तदाबमापक, दीड ते अडीच हजारांचा. मनगटावरचा नको. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाचशे ते दीड हजारांत येतो आणि नाडीही दाखवतो. तो चांगल्या हाताच्या बोटाला लावा आणि हात स्थिर ठेवा. गार पडलेल्या लुळ्या हातावर किंवा हलत्या बोटावर तो चुकीचे आकडे दाखवतो. स्मार्टवॉच घरात असेल तर चालेल, मुद्दाम घेऊ नये.

कमरेला बांधायचा, मुठी असलेला पट्टा पाचशे ते हजार रुपयांना मिळतो. माझ्या मते ही सगळ्यात कमी विकली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. चालवताना घरचे लोक लुळ्या हाताला धरतात किंवा काखेत हात घालून ओढतात. त्याने खांदा निखळल्यासारखा होतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहून पट्टा धरायचा.

चार पायांची काठी पाचशे ते हजारात, वॉकर हजार-दीड हजारात येतो. पाऊल लोंबत असेल तर ए.एफ.ओ. म्हणतात ती पावलाची स्प्लिंट लागते. तयार मापाची एक हजाराच्या आसपास, माप घेऊन केलेली दोन-तीन हजारांना पडते. इथे स्वस्त बघू नका. न बसणारी स्प्लिंट पेशंट आठवड्यात कपाटावर टाकतो आणि चालणंही तिथेच थांबतं. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा कॅनव्हासचे बूट घ्यावेत. स्प्लिंट आत मावण्यासाठी अर्धा-एक नंबर मोठे लागतात.

पायडलची छोटी सायकल, खुर्चीसमोर जमिनीवर ठेवायची, दीड ते तीन हजारांना येते. गुळगुळीत लादीवर ती पुढे सरकते, म्हणून खाली रबरी चटई घाला आणि तिचं पुढचं टोक भिंतीला टेकवा. खुर्ची हातांची आणि जड असावी. कमजोर पाऊल पायडलवरून घसरतं, ते वेलक्रोच्या पट्ट्याने किंवा क्रेप बँडेजने बांधा. बोटं काळी-निळी पडेपर्यंत आवळू नका, कारण त्या पायाला बरेचदा संवेदना कमी असते आणि पेशंट सांगणार नाही. नंतर आठ-दहा हजारांची मोटर लावलेली सायकल सुचवली जाते. मोटर पाय फिरवते तेव्हा सांधे मोकळे राहतात, हा तिचा उपयोग खराच आहे. पण त्यात मशीन काम करतं, पेशंट नाही. नाडी जागची हलत नाही. दमसासासाठी ती घ्यायची असेल, तर मोटर बंद करून विरोध लावता येतो का, ते दुकानातच बसून पाहावं.

पाठीला आधार असलेली, पाय पुढे करून चालवायची सायकल पंधरा ते तीस हजारांना मिळते. तोल जाणाऱ्या पेशंटसाठी ती खरोखर चांगली आहे, फक्त घेण्याआधी दोन महिने छोट्या सायकलवर नियम टिकतो का, ते बघा. घरची ट्रेडमिल घेऊ नका. आधाराचे पट्टे आणि शेजारी प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय पक्षाघाताच्या पेशंटने चालत्या पट्ट्यावर चढणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. मांडीचं हाड मोडलं, तर त्या ऑपरेशनच्या खर्चापुढे हे सगळे आकडे किरकोळ ठरतील.

कोण भरून देतं

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, आणि ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तिथे सोयही झाली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथले दर नाममात्र आहेत. मुंबईत केईएम, नायर आणि सायन, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या ठिकाणी फिजिओथेरपीचं शिक्षण चालतं. त्यामुळे शिकाऊ विद्यार्थी असतात आणि ते पेशंटला वेळ देतात. हाजी अलीजवळच्या केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्प्लिंट बनवणं एकाच आवारात होतं. गावाकडच्यांनी जवळचं खासगी फिजिओथेरपी महाविद्यालयही विचारात घ्यावं. लोणी, कराड, सावंगी इथल्या महाविद्यालयांना मोठी रुग्णालयं जोडलेली आहेत.

यात खरा खर्च जाण्यायेण्याचा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं भाडं, आणि महिलांना सरसकट निम्मं. सोबत जाणारी व्यक्ती सून किंवा मुलगी असेल तर तिचंही अर्धंच तिकीट. शहरातल्या रिक्षाला मात्र यातलं काही लागू नाही. आठवड्यातून पाच दिवस जाण्याऐवजी दोन दिवस जाऊन बाकीचे दिवस घरी व्यायाम करणं इथेही परवडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच मिळतं, आणि सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही. पण हे कवच मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांचं आहे. घरी येणाऱ्या फिजिओचे महिनोन् महिन्यांचे पैसे त्यातून मिळतील, या भरवशावर राहू नका. खासगी विम्यात डिस्चार्जनंतरचा काही काळ धरलेला असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो साठ दिवसांचा आहे. त्या मुदतीत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिजिओथेरपीचा दावा करता येतो, पण पावतीवर तारीख, नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. कोऱ्या कागदावरचं ‘रु. ७००० मिळाले’ चालत नाही. काठी, वॉकर, स्प्लिंट अशा वस्तू बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात.

त्या वस्तूंसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा होतात. काठी आणि कमरपट्ट्याचे पैसे त्यातून निघतात.

कारखान्यात किंवा दुकानात काम करणारा, ईएसआय कापला जाणारा तरुण पेशंट असेल, तर एक तरतूद आवर्जून विचारा. शरीराची एक बाजू लुळी पडणं हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीचा आणि वर्गणीचा ठरावीक काळ भरत असेल, तर नेहमीचा आजारपणाचा भत्ता संपल्यावर रोजच्या सरासरी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कामाला परत जाण्याइतका दमसास कमवायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.

कराचंही बघा. विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या औषधोपचारांवर केलेला खर्च जुन्या करप्रणालीत वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावटीला पात्र ठरतो, पण रोखीने दिलेला नाही. म्हणून फिजिओला यूपीआयने पैसे द्या. सहा महिन्यांनंतरही अपंगत्व राहिलं आणि ते ४० टक्के वा जास्त ठरलं, तर यूडीआयडी कार्ड काढा. अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठीची करवजावट आणि एसटीची सवलत त्यावर अवलंबून असते. नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा रिटर्न भरताना सल्लागाराला विषय सांगा, क्रमांक नव्हे.

थांबायचं कधी

व्यायामाआधी पाच मिनिटं शांत बसवून रक्तदाब घ्या. वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. ताप, नीट न जेवलेला मधुमेही, रात्रभर न झोपलेला पेशंट, यांनाही सुट्टी. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटून चेहरा पांढरा पडला तर तिथेच बसवा. तोंड वाकडं होणं, हात नव्याने गळणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं यांतलं काहीही झालं, तर फिजिओला फोन करत बसू नका, १०८ ला करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही आधी स्कॅन करून.

तुमचं माणूस आज अजून रुग्णालयातच असेल, तर घरी नेण्याआधी डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून मागा : व्यायामात नाडी आणि रक्तदाब कुठपर्यंत जाऊ द्यायचा, फिजिओथेरपी किती आठवडे, आणि हृदयाची तपासणी झाली आहे की बाकी आहे. विम्याच्या दाव्याला आणि नव्या फिजिओला, दोघांनाही हाच कागद लागतो, आणि तो लिहून घ्यायला वेगळे पैसे पडत नाहीत.